खांब वाचले, खोल्या गेल्या

५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात, हिमली गावाजवळचा ‘क्रुकेड हाउस’ हा पब जळाला. दोनच दिवसांनी यंत्र लावून उरलेल्या भिंतीही जमीनदोस्त केल्या गेल्या. १७६५ मध्ये शेतावरचे घर म्हणून बांधलेली ही इमारत १८३० च्या सुमारास पब झाली. खाली कोळशाच्या खाणी खणल्या गेल्या, जमीन खचली आणि घराची एक बाजू दुसरीपेक्षा सव्वा मीटरने खाली बसली. आतल्या टेबलावर ठेवलेली गोटी चढाकडे घरंगळताना दिसायची आणि ती पाहायला माणसे लांबून यायची. इमारत गेल्यावर जो वाद पेटला तो अजून शमलेला नाही, पण तो घातला जातो आहे फार वरवर. एक बाजू म्हणते, वारसा गेला, विटेला वीट लावून पुन्हा उभा करा. दुसरी म्हणते, पब हा धंदा आहे. गिऱ्हाईक नसेल तर तो बसणारच, त्याचे देऊळ कशाला करायचे? दोघांच्याही डोळ्यांसमोर रस्त्यावरून दिसणारे घर आहे: विटांची तिरपी भिंत, कललेली दारे-खिडक्या, पबची पाटी. दाराच्या आत किती खोल्या होत्या, बिअरचे पिंप कुठून उतरायचे, भरलेला पेला कुठल्या वाटेने गिऱ्हाइकापर्यंत जायचा, हे कुणीच विचारत नाही.

आणि खरी वास्तू तिथेच असते. इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या पबची ओळख त्याच्या दर्शनी भिंतीत फार थोडी आहे. तसे लाकडी सांगाडे, तसे चुन्याचे गिलावे, तशी गवती छपरे शेजारच्या शेतघरांनाही असतात. पबला पब करते ती त्याची आतली मांडणी: तळघर, पिंपांची खोली, तिच्याभोवतीच्या दोन-चार लहान खोल्या, मधला बोळ आणि चूल. ही मांडणी मोडली की दर्शनी भाग कितीही निगुतीने जपला तरी उरते ते पबचे कातडे. म्हणून वारसा राखायचा असेल तर प्राधान्य उलटे हवे. आधी आतल्या आडभिंती, तळघर आणि पेय देण्याची खिडकी वाचवावी, काळ्या तुळयांची काळजी त्यानंतर करावी. एवढेच नव्हे, जी मांडणी वाचवायची तीच आजच्या मंदीच्या दिवसांत धंद्यालाही अधिक सोयीची आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही मांडणी आली कुठून? मध्ययुगात बिअर घरोघरी होई, बहुधा बायकाच ती करीत, आणि ताजी बिअर विकायला तयार झाली की दारावर काठीला झुडूप बांधून टांगत. घर म्हणजे ओकच्या लाकडाचा सांगाडा. खांबांच्या दोन जोड्यांमधले अंतर साधारण १६ फूट, म्हणजे जवळपास पाच मीटर. अशा दोन, तीन, चार खणांचे घर. लाकूड ओलेच वापरत, कारण सुकलेला ओक रंध्याला दाद देत नाही. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, आणि दोन्हींतून आरपार ओकचीच खुंटी. पुढे लाकूड सुकताना आवळत जाई आणि सांधा अधिकच घट्ट होई. खांबांमधल्या चौकटीत कुडाच्या भिंती: उभ्या काठ्यांत फोकांची वीण, तिच्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा लेप, वर चुन्याचा हात. कोकणातल्या माणसाला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. मधली मोठी खोली छपरापर्यंत उघडी असे आणि चूल जमिनीच्या मध्यावर. धूर वर जाऊन वाशांत जिरे. डेव्हनमधल्या काही घरांच्या छपरात त्या काळच्या शाकारणीचा सर्वांत खालचा थर आजही काजळीने काळा झालेला सापडतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत विटांची किंवा दगडाची धुराडी आली. धूर भिंतीत शिरला, तेव्हा उघड्या खोलीत मध्येच माळा घालता आला. जुन्या पबमध्ये डोके आपटते ते याच माळ्याच्या तुळईवर. तो मूळचा नाही, शंभर-दोनशे वर्षांनी मागाहून घातलेला आहे. धुराड्याच्या तोंडाशी एवढी रुंद कमान ठेवत की चुलीच्या दोन्ही बाजूंना आत बाकावर बसता येई, आणि तिच्यावर एक जाडजूड आडवी तुळई. थंडीच्या दिवसांत साऱ्या घरातली गरम जागा तेवढीच, आणि गिऱ्हाइकांना बसवण्याची पहिली खोलीही तीच.

या घराचे ‘सार्वजनिक घर’ झाले तेही एका झटक्यात नव्हे. १५५२ च्या कायद्याने मद्यगृहांना दंडाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा झाला. १८३० च्या बिअर कायद्याने मात्र कर भरणाऱ्या कुणाही घरमालकाला दोन गिनी भरून आपल्याच घरात बिअर विकण्याची मुभा दिली, आणि खेडोपाडी माजघरात पिंपे आली. या घरांना काउंटर नव्हताच. पिंपे ज्या खोलीत तोटी ठोकून ठेवलेली असत ती ‘टॅप रूम’. तिथे फरशी, साधे बाक, शेतमजूर आणि त्यांचे चिखलाचे बूट. पलीकडे ‘पार्लर’, तिथे गालिचा किंवा निदान चटई, आणि दर थोडा चढा. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ‘स्नग’: सहा-आठ माणसांची, दाराशिवाय फारसे काही नसलेली खोली. बोळात एक खिडकी, जिच्यातून मालकीण पेला पुढे करी, आणि घरी न्यायला जग घेऊन आलेल्या पोराला बाहेरच्या बाहेर वाटेला लावी. आपल्या वाड्यात ओटीवर कोण बसेल, सोप्यापर्यंत कोण येईल आणि माजघरात कोण जाईल हे न सांगता ठरलेले असे. इथेही तसाच अलिखित चढउतार होता. जोसेफ ब्रामा या संशोधकाने १७९७ मध्ये बिअर वर खेचण्याच्या हातपंपाचे पेटंट घेतले. पुढे शहरातल्या मद्यगृहांतून पंप आणि काउंटर ही जोडी हळूहळू खेड्यात पोचली. म्हणजे ज्या लांबलचक चकचकीत काउंटरला लोक पबचा आत्मा समजतात तो त्या घरातला पाहुणा आहे. बर्कशायरमधल्या ऑल्डवर्थचा ‘बेल’ आजही खिडकीतून पेला देतो. डॉर्सेटमधल्या वर्थ मॅट्रॅव्हर्सच्या ‘स्क्वेअर अँड कंपस’मध्येही काउंटर नाही, पेय देण्याच्या दोन खिडक्या आहेत. काउंटर नसलेल्या ‘बेल’ला पिंपातल्या खऱ्या बिअरसाठी १९७१ पासून झगडणाऱ्या ‘कॅमरा’ या संघटनेने १९९० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये देशातला सर्वोत्तम पब ठरवले. एकोणतीस वर्षांत दोनदा, आणि दरम्यान मांडणी तीच.

मग या खोल्या गेल्या कुठे? त्या आपोआप पडल्या नाहीत. त्या पाडल्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी पाडणाऱ्याकडे सज्जन कारण होते. आधी आले दंडाधिकारी. कोपऱ्यातल्या खोलीत चोरून पिणे चालते, काउंटरच्या मागून सगळी माणसे नजरेखाली हवीत, असा त्यांचा आग्रह होता. १९०२ च्या परवाना कायद्याने पबच्या आतल्या बांधकामावरही त्यांची मंजुरी आणली. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ग्रेटनाच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांचे पिणे आवरण्यासाठी सरकारने कार्लाइल भागातले पब सरळ ताब्यात घेतले आणि ते १९७३ पर्यंत चालवले. त्या योजनेने अनेक पब बंद केले, आडोसे काढले, जेवण आणि बसायच्या जागा वाढवल्या. हॅरी रेडफर्न या वास्तुकाराने तिच्यासाठी बांधलेले नवे पब सुंदर आहेत यात वाद नाही. पण ‘एक नजर, एक खोली’ ही कल्पना तिथून रुजली आणि युद्धानंतर मद्यकंपन्यांनी ती नफ्यासाठी उचलली: एक काउंटर, एक नोकर, एक मोठा हॉल. १९८९ च्या सरकारी आदेशाने दोन हजारांहून जास्त पब बाळगणाऱ्या मद्यकंपन्यांची पकड सैल केली. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता. झाले असे, की पब मोठ्या प्रमाणावर बिअर न बनवणाऱ्या कंपन्यांकडे गेले, ज्यांच्या हिशेबाच्या वहीत तो जमिनीचा तुकडा होता. बंदोबस्त, सुधारणा, स्पर्धा. तीन वेगवेगळी कारणे, आणि हातोडा प्रत्येक वेळी त्याच आडभिंतीवर.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. पब नेहमीच बदलत आला आहे, मग कुठल्या सालचा पब जपायचा? वूस्टरशायरमधल्या ब्रेटफर्टनचा ‘फ्लीस’ मुळात पंधराव्या शतकातले शेतघर. तो पब झाला १८४८ मध्ये. सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिपचा ‘जॉर्ज’ कार्थुसियन पंथाच्या ख्रिस्ती मठाने लोकर साठवायला आणि व्यापाऱ्यांना उतरायला बांधला. खालचा मजला दगडी, वरचे लाकडी मजले रस्त्यावर पुढे झुकलेले. मग १९७० साली एखाद्याने आडभिंत काढली तर तोही इतिहासच नाही का? हा युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. मूळ स्वरूप नावाची गोष्ट या इमारतींना खरोखरच नसते. पण बदलांचीही जात असते. माळा घातला तेव्हा वाशांवरची काजळी तशीच राहिली. धुराडे आले तेव्हा जुन्या चुलीची जागा जमिनीत ओळखू येत राहिली. शेतघराचा पब झाला तेव्हा शेतघराच्या खोल्या कायम राहिल्या, फक्त त्यांची नावे बदलली. ‘फ्लीस’मध्ये बिअर गाळण्याची खोली आजही ‘ब्रूहाउस’ याच नावाने बसायची खोली आहे. शतकानुशतकांचे हे बदल भर घालणारे होते, आधीचे वाचता येईल असे. खोल्यांचा हॉल करणारा बदल पुसणारा आहे. त्याच्यानंतर वाचायला काही उरत नाही. वहीत नवे पान लिहिणे आणि मागची पाने फाडणे या दोन्हींना ‘वहीत बदल’ म्हणून कसे चालेल?

पुसण्याचा परिणाम केवळ आठवणींवर होत नाही, सांगाड्यावरही होतो. खणांच्या मधली आडभिंत बऱ्याचदा नुसता पडदा नसते. तिच्यात खांब असतात, खांबांना जोडणारी तुळई असते आणि कोपऱ्यांत तिरके आधार असतात. छपराचे वासे भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला सतत बाहेर ढकलत असतात. तो रेटा थोपवते ती आडवी तुळई आणि हे तिरके आधार. आधार कापले की पहिली दहा वर्षे काही दिसत नाही. मग भिंतीचा माथा बाहेर कलतो, आढे मध्ये खाली बसते, पाख्याला पोट येते. उपाय म्हणून लोखंडी तुळई घालतात. लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे फुगतो-आवळतो, लोखंड तसे वागत नाही. चिरा बरोबर त्या दोहोंच्या भेटीच्या जागी पडतात. खोल्या जोडायच्याच असतील तर दोन खांबांमधली कुडाची चौकट काढावी. ती भार उचलत नाही, आणि उद्या कुणाला परत भरावीशी वाटली तर चार दिवसांत भरता येते. खांब आणि तिरका आधार यांना मात्र करवत लावू नये.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो अधिक बोचरा आहे. २००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये साठ हजारांहून थोडे अधिक पब होते, आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. वीज, पगार, कर सगळे वाढले. दुकानातली बाटली स्वस्त आहे. दारू पिऊन गाडी चालवणे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, त्यामुळे चार मैलांवरून येणारे गिऱ्हाईक कमी झाले. अशा वेळी स्नग आणि पार्लर जपायला सांगणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात दगड बांधणे, असे म्हटले जाते. इथे मला हिशेब उलटा दिसतो. शंभर चौरस मीटरच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी सहा माणसे बसली तर जागा ओस वाटते, आणि सातवा दारातूनच परततो. तीच सहा माणसे बारा चौरस मीटरच्या खोलीत, चुलीपाशी बसली तर खोली भरलेली असते. हॉल तापवायला साऱ्या हॉलची हवा तापवावी लागते; खोल्यांच्या घरात पेटती एक चूल आणि एक बंद दार पुरते, बाकीच्या खोल्या शनिवारी उघडाव्यात. नोकर जास्त लागतात ही तक्रार काउंटर प्रत्येक खोलीत हवा असे गृहीत धरल्यामुळे येते. मध्यावर एक पिंपांची खोली आणि तिला दोन बाजूंनी दोन खिडक्या, ही जुनी युक्ती एकाच माणसाला दोन खोल्या सांभाळू देते. मोठी जागा गर्दीसाठी असते. गर्दी गेली म्हणून मोठी जागा करा, हा सल्ला कुठल्या हिशेबात बसतो?

तळघराचे गणित तर याहून काटेकोर आहे. पिंपातली जिवंत, म्हणजे पिंपातच अजून मुरत असलेली बिअर ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. जमिनीखालचे, उत्तरेकडचे दगडी तळघर वर्षभर त्याच्या जवळपास राहते. वरच्या शेडमध्ये तीच थंडी विजेने विकत घ्यावी लागते. खेड्यातल्या पबला सोयीचे पिंप ‘फर्किन’, म्हणजे ९ गॅलन किंवा सुमारे ४१ लिटर. ते बाकड्यावर आडवे ठेवून पाचर मारायची, वरच्या भोकात आधी सच्छिद्र खुंटी ठोकून वायू निघू द्यायचा, मग घट्ट खुंटी. गाळ बसायला एक ते दोन दिवस. तोटी उघडल्यावर हवा आत शिरते आणि तीन दिवसांत बिअर आंबायला लागते. ९ गॅलनचे ७२ पाइंट, म्हणजे ७२ मोठे पेले होतात. तीन दिवसांत संपवायचे तर रोज २४. लहान गावाला एक पिंप झेपते, फार तर दोन. पण हॉल मोठा केला की काउंटर लांब होतो, काउंटर लांब झाला की पंप वाढतात, आणि पाच पंपांच्या मागे पाच पिंपे आंबत राहतात. शिवाय काउंटर तळघराच्या डोक्यावरून उचलून मागच्या नव्या वाढीव भागात नेला, तर नळी लांबते. एक सेंटिमीटरहून थोड्या बारीक, म्हणजे तीन अष्टमांश इंची नळीत दर आठ मीटरला एक पाइंट अडकून पडतो. रात्रभर नळीत राहिलेला तो पाइंट सकाळी फेकायचा किंवा पहिल्या गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा. ‘इथली बिअर बिघडली’ असे गावात बोलले जाते तेव्हा बऱ्याचदा बिघडलेली असते ती मांडणी.

तिसरे म्हणणे मवाळ आहे आणि म्हणूनच सर्वाधिक घातक: पबचे घर करू द्या, निदान इमारत तरी वाचेल. पैसेवाला मालक येतो, छप्पर शाकारतो, लाकूड दुरुस्त करतो; पडक्या पबपेक्षा नांदते घर बरे नाही का? पडक्यापेक्षा बरे, हे मान्य. पण तुलना पडक्याशीच का करायची? घर करताना पहिले जाते ते पिंपे उतरवण्याचे रस्त्यालगतचे झाकण, मग उतरंडीची घसरण, मग तळघराला आतून जलरोधक अस्तर. बोळातली खिडकी बुजते. बाहेरच्या तीन दारांपैकी दोन भिंतीत जातात, कारण कुटुंबाला एकच दार लागते. चुलीच्या कमानीत बंद शेगडी बसते. तिच्या धुराड्यातली उष्णता आणि ठिणग्या वरच्या गवताला पुरेशा असतात. अशा छपरात धुराड्याचे तोंड आढ्याच्या वर १.८ मीटर तरी असावे असा सल्ला दिला जातो तो त्यासाठीच. घराची बाजारातली किंमत पबपेक्षा सहसा जास्त असते, त्यामुळे हा रस्ता एकेरी आहे: पबचे घर होते, घराचा पब परत होत नाही. वीस वर्षे पब बंद राहिला तरी तो पुन्हा उघडता येतो. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या शंभराहून अधिक लोकांनी २००३ मध्ये आपला ‘ओल्ड क्राउन’ सहकारी पद्धतीने विकत घेतला, तेव्हा विकत घ्यायला पब शिल्लक होता म्हणूनच.

एका आक्षेपापुढे मात्र थांबायला हवे. या खोल्या माणसांची प्रतवारी करीत. मजूर एकीकडे, शेतमालक दुसरीकडे. बायकांना बऱ्याच ठिकाणी टॅप रूममध्ये स्थान नव्हते, म्हणून त्या स्नगमध्ये बसत. पायरी, अरुंद बोळ आणि ठेंगणे दार यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आजही बाहेर ठेवले आहे. हे सारे खरे आहे आणि त्याला ‘परंपरा’ म्हणून पांघरूण घालू नये. पण भेद दरात आणि दारावरच्या माणसाच्या नजरेत होता. भिंत काढल्याने तो गेला असे नाही, तो महागड्या जेवणाच्या यादीत जाऊन बसला. ज्या स्नगमध्ये बाई नाइलाजाने बसायची त्याच लहान, शांत खोलीत आज कमी ऐकू येणारे म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याचे बोलणे ऐकू शकतात, आणि गोंगाट न सोसणारे मूल आईजवळ बसू शकते. चाकाच्या खुर्चीसाठी २०१० चा समता कायदा वाजवी बदल करायला सांगतो. ते मागच्या अंगणातून उतार देऊन, कुडाची एक चौकट काढून दार रुंद करून आणि देण्याच्या खिडकीची कड खाली घेऊन होतात. त्यासाठी सगळे घर पोकळ करावे लागत नाही.

याआधी इंग्लंडमध्ये हाच वाद देवळांवरून होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकात चर्चचा जीर्णोद्धार करण्याची लाट आली. कल्पनेतल्या एका शुद्ध मध्ययुगीन रूपासाठी नंतरच्या चारशे-पाचशे वर्षांचे गिलावे, बाके, गॅलऱ्या खरवडून काढल्या गेल्या. विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८७७ मध्ये प्राचीन वास्तुरक्षणाची संस्था काढली ती या खरवडीविरुद्ध. दुरुस्ती करा, पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळाचे थर काढू नका, हे तिचे म्हणणे. पबच्या बाबतीत तीच खरवड आज ‘मूळ रूप’ या नावाने चालते. गिलावा काढून विटा उघड्या पाडतात, वाळूच्या माऱ्याने तुळया सोलतात, आणि वर डांबरी काळा रंग देतात. काळे लाकूड आणि पांढरी भिंत ही जोडी बहुतेक ठिकाणी व्हिक्टोरियन काळातली आवड आहे. ओक पूर्वी राखाडी पडू देत किंवा भिंतीसकट चुन्याने रंगवत. भेगा बुजवायला सिमेंट भरले की पावसाचे पाणी आत जाते पण वाफ होऊन बाहेर येत नाही. लाकूड आतल्या आत भिजते आणि ओलसर ओकला लागणारा भुंगेरा तिथे घर करतो. मातीवरच्या फरशा काढून काँक्रीट ओतले, की जमिनीतली ओल भिंतीकडे वळते आणि जोत्यावरची आडवी तुळई, जिच्यावर सगळे खांब उभे असतात, ती आधी कुजते. मग तज्ज्ञ येऊन ‘लाकूड संपले’ असा अहवाल देतो. चुना, माती आणि फरशी यांना श्वास घेऊ दिला असता तर ते लाकूड आणखी दोनशे वर्षे उभे राहिले असते.

कायदा काय करतो? सूचीबद्ध, म्हणजे सरकारी वारसा यादीत नोंदलेल्या इमारतीत आतला-बाहेरचा सगळा भाग संरक्षित असतो, मग श्रेणी कुठलीही असो. पण कित्येक जुन्या नोंदी रस्त्यावरून केलेल्या आहेत. त्यांच्या शेवटी ‘आतून पाहिलेले नाही’ असे स्वच्छ लिहिलेले असते. कायदा जे राखायला सांगतो ते काय आहे हेच अधिकाऱ्याच्या कागदावर नाही, मग तो अडवणार कशाच्या जोरावर? २०११ च्या कायद्याने गावाला पब ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येतो आणि विक्रीआधी सहा महिन्यांची मुदत मिळवता येते, पण मालकावर गावालाच विकण्याची सक्ती नाही. मे २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजन परवानगी लागते. हे मोठे पाऊल होते. मात्र यांपैकी एकही तरतूद सूचीबाहेरच्या पबमधली आडभिंत वाचवत नाही. कॅमराने १९९० च्या दशकापासून जुन्या अंतर्भागांची स्वतंत्र यादी केली ती याच उणिवेपोटी. स्वयंसेवकांनी केलेले ते काम सूचीच्या नोंदीत उतरवण्यासाठी सरकारला नवा कायदा लागत नाही, माणसे लागतात.

नोंद असली की काय होते ते लंडनच्या मेडा व्हेलमध्ये दिसले. तिथला ‘कार्लटन टॅव्हर्न’ खेड्यातला नव्हे आणि फार जुनाही नव्हे, १९२०-२१ चा. एप्रिल २०१५ मध्ये तो परवानगीविना पाडला गेला. पण त्याला सूचीत घ्यायचे की नाही याचा विचार चालू असल्याने त्याच्या आतल्या-बाहेरच्या तपशिलांची नोंद आधीच झालेली होती. वेस्टमिन्स्टरच्या स्थानिक परिषदेने तो होता तसा बांधण्याचा आदेश दिला, आणि एप्रिल २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला. ‘फ्लीस’चे छप्परही फेब्रुवारी २००४ मध्ये जळाले होते. १९७७ पासून तो वारसा वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे असल्याने खोली न् खोली माहीत होती, आणि पुढच्या वर्षी तो पूर्वीच्याच मांडणीने चालू झाला. लहान पबची खोलीवार मापे घेणे ही काही अवघड कला नाही. मोजपट्टी, कॅमेरा आणि दोन माणसांचा एक दिवस. प्रत्येक खोलीचा आकार, दार कुठल्या बाजूला उघडते, कुठल्या खांबाला तिरका आधार आहे, फरशी कुठे संपते आणि लाकडी जमीन कुठे सुरू होते, तळघराचे तोंड, नळीची वाट, बाके भिंतीला जोडलेली की सुटी.

हिमलीचा पब पूर्वीसारखा उभा करावा अशी नोटीस तिथल्या परिषदेने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली आणि तीन वर्षांची मुदत दिली. तेव्हापासून चर्चा चालली आहे ती विटा जुन्या वापरायच्या की नव्या, आणि भिंतीचा कल किती अंशांचा ठेवायचा याची. ज्या टेबलावर ती गोटी घरंगळायची ते कुठल्या खोलीत होते, त्या खोलीला दारे किती होती आणि बिअर तिथे कुठल्या बाजूने यायची, हे नव्या नकाशावर आधी उतरले पाहिजे. विटांचा रंग त्यानंतरही ठरवता येईल.